युरोपचे बॉक्सर अमेरिकेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लास वेगास किंवा न्यूयॉर्कला मोठी लढत ठरली आणि एका कोपऱ्यात इंग्लंड, आयर्लंड, जर्मनी, पोलंड नाहीतर युक्रेनचा बॉक्सर असला, की तेच ते प्रश्न पुन्हा निघतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. ‘युरोप’ म्हणताना ब्रिटन आणि आयर्लंडही त्यात धरले आहेत. काही ठिकाणी माझं मत आहे, ते माझंच आहे हे वाचताना कळेलच.

युरोपचा बॉक्सर अमेरिकेत गेला की हरतोच, हे खरं आहे का?

नाही. हा समज जुना आहे आणि अर्धवट आहे. १९३० साली मॅक्स श्मेलिंग न्यूयॉर्कला हेवीवेट विश्वविजेता झाला. १९४८ साली फ्रान्सच्या मार्सेल सेर्दाँने जर्सी सिटीत टोनी झेलला हरवलं. १९५९ साली स्वीडनच्या इंगेमार योहान्सनने यांकी स्टेडियममध्ये फ्लॉइड पॅटरसनला तिसऱ्याच फेरीत सात वेळा खाली पाडलं. इटलीच्या नीनो बेन्व्हेनुतीने १९६७ साली मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एमिल ग्रिफिथकडून मिडलवेटचं विजेतेपद घेतलं. ॲलन मिंटर, लॉइड हनीगन, लेनॉक्स लुईस, जो कॅल्झागी, टायसन फ्युरी, जॉश टेलर, केटी टेलर हे सगळे अमेरिकेच्या रिंगमध्ये जिंकलेले आहेत.

खरा प्रश्न वेगळा आहे. कोण, कधी आणि कोणाच्या अटींवर गेला? एका लढतीपुरता पाहुणा म्हणून गेलेला आणि तिथे मुक्काम ठोकून तयार झालेला, या दोघांच्या नशिबात फार फरक पडतो. खालची बहुतेक उत्तरं याच मुद्द्यापाशी येतात.

मग हा समज आला कुठून?

अगदी सुरुवातीपासून. वेल्सचा जिम ड्रिस्कॉल १९०९ साली न्यूयॉर्कला ॲब ॲटेलशी खेळला. ॲटेल फेदरवेटचा विश्वविजेता. त्या काळी तिथे गुणांवर निकाल देण्याची पद्धत नव्हती. समोरच्याला नॉकआऊट केलं तरच विजेतेपद हाती यायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं कोण सरस होता ते छापायची. बहुतेक पत्रांनी ड्रिस्कॉलचं नाव घेतलं, पण किताब ॲटेलकडेच राहिला. पुन्हा लढतीसाठी थांबण्याऐवजी ड्रिस्कॉल घरी परतला, कारण कार्डिफच्या अनाथालयासाठी प्रदर्शनीय लढत खेळायचा शब्द त्याने दिलेला होता. ॲटेलशी त्याची गाठ पुन्हा पडलीच नाही. मुष्टियुद्धाच्या इतिहासातली ही गोष्ट मला सर्वांत जास्त आवडते.

मग १९२१ आलं. फ्रान्सचा जॉर्ज कार्पेन्तिए, पहिल्या महायुद्धातला वीर, देखणा, अमेरिकेतही लाडका, हेवीवेट विश्वविजेता जॅक डेम्प्सीसमोर उभा राहिला. जर्सी सिटीतल्या मैदानात सुमारे ८० हजार माणसं जमली आणि तिकिटांची विक्री मुष्टियुद्धाच्या इतिहासात प्रथमच दहा लाख डॉलरच्या पुढे गेली. (आज त्याच जर्सी सिटीत कितीतरी मराठी कुटुंबं राहतात.) कार्पेन्तिए मुळात लाइट हेवीवेट, म्हणजे डेम्प्सीपेक्षा हलक्या वजनगटाचा. दुसऱ्या फेरीत त्याचा उजवा ठोसा डेम्प्सीला बसला, पण अंगठा त्याचाच मोडला. चौथ्या फेरीत खेळ संपला.

त्यानंतर इटलीचा प्रिमो कार्नेरा. प्रचंड देहाचा, पण गुंडांच्या टोळक्याच्या ताब्यात सापडलेला. त्याच्या अनेक लढती आधीच ठरवलेल्या होत्या, हे पुढे सर्वत्र मान्य झालं. १९३४ साली मॅक्स बेअरने त्याला अकरा वेळा खाली पाडलं, आणि अमेरिकी पत्रकारांना युरोपच्या हेवीवेटची टर उडवायला कायमचं निमित्त मिळालं. कार्नेराबद्दल मला आजही वाईट वाटतं. त्याच्या नावावर पैसा दुसऱ्यांनी कमावला आणि नाचक्की मात्र त्याच्या वाट्याला आली.

अमेरिकी पंच पक्षपात करतात का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पद्धत समजून घ्या. रिंगभोवती तीन पंच तीन बाजूंना बसतात; रिंगच्या आत राहून लढत चालवतो तो रेफरी वेगळा. प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला १० गुण, हरणाऱ्याला ९, आणि हरणारा खाली पडला असेल तर साधारणपणे ८. पंचांची नेमणूक त्या त्या राज्याचा क्रीडा आयोग करतो. नेव्हाडाचा वेगळा, न्यूयॉर्कचा वेगळा. विश्वविजेतेपदाच्या लढतीत बऱ्याचदा दोन्ही बॉक्सरांच्या देशांतला एकेक आणि एक तटस्थ पंच घेतात.

आता पक्षपाताच्या बाजूची उदाहरणं बघू. १९९५ साली जर्मनीचा ॲक्सेल शुल्झ लास वेगासला ४६ वर्षांच्या जॉर्ज फोरमनसमोर उतरला. बारा फेऱ्या तो फोरमनभोवती फिरत राहिला, ठोसे मारून बाजूला होत राहिला, शेवटी फोरमनचा डोळा सुजला होता. दोन पंचांनी ११५-११३ असा फोरमनला विजय दिला, तिसऱ्याने बरोबरी. इतका गदारोळ झाला की आयबीएफने (विश्वविजेतेपदाचे किताब देणाऱ्या संघटनांपैकी एक) फेरलढतीचा आदेश काढला. फोरमनने फेरलढत खेळण्यापेक्षा किताब सोडून देणं पसंत केलं. २००४ साली फेलिक्स श्टुर्मचंही तसंच झालं. ऑस्कर डे ला होयाला त्याने डाव्या हाताच्या सरळ ठोशांनी रात्रभर लांब ठेवलं. तिन्ही पंचांनी ११५-११३ डे ला होया असा निकाल दिला. डे ला होयाची बर्नार्ड हॉपकिन्सबरोबरची पुढची मोठी लढत आधीच ठरत आली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पंचांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण श्टुर्म जिंकला होता असं मला ती लढत बघताना प्रत्येक वेळी वाटतं.

आता दुसरी बाजू. मार्च १९९९, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, लेनॉक्स लुईस विरुद्ध इव्हँडर होलीफील्ड. मोजणी करणाऱ्यांच्या आकड्यांनुसार लुईसचे ३४८ ठोसे बसले, होलीफील्डचे १३०. निकाल बरोबरी. अमेरिकी पंच बाईंनी होलीफील्डला ११५-११३ दिलं, आणि लुईसने सरळ सरळ जिंकलेली पाचवी फेरीही होलीफील्डच्या खात्यात टाकली. सगळा राग त्यांच्यावर निघाला. पण दक्षिण आफ्रिकेच्या पंचाने लुईसला ११६-११३ दिले होते. बरोबरीचं ११५-११५ हे कार्ड (पंचाची गुणपत्रिका) दिलं होतं ब्रिटिश पंचाने! त्याने लुईसला एक फेरी जास्त दिली असती तर लुईस त्याच रात्री जिंकला असता.

डिसेंबर २०१८, लॉस एंजेलिस, फ्युरी विरुद्ध डिऑन्टे वाइल्डर. बाराव्या फेरीत फ्युरी पाठीवर पडला आणि रेफरीच्या मोजणीत उठून उभा राहिला, ती लढत. एका पंचाने वाइल्डरला ११५-१११, कॅनडाच्या पंचाने फ्युरीला ११४-११२, आणि ११३-११३ पुन्हा ब्रिटिश पंचाचंच. म्हणजे युरोपवाल्यांवर अन्याय झाला म्हणून ज्या दोन बरोबरी सर्वांत जास्त सांगितल्या जातात, त्या दोन्हीत निर्णायक कार्ड त्यांच्याच देशातल्या माणसाचं होतं. उलट २००८ साली लास वेगासला कॅल्झागी पहिल्याच फेरीत खाली पडूनही हॉपकिन्सवर जिंकला. त्याला विजय देणारे दोन्ही पंच अमेरिकी होते.

माझं मत सांगतो. पक्षपात असतो, पण तो बहुधा देशाच्या नावावर नसतो. ज्याच्या नावावर पुढची कमाई अवलंबून आहे, त्याच्या बाजूला नकळत झुकतं माप पडतं. अमेरिकेत तो माणूस बहुतेक वेळा अमेरिकी असतो. जर्मनीत लढत असली की तो जर्मन असतो, आणि स्वेन ओत्केच्या काही घरच्या लढतींबद्दल अमेरिकी लोकांनी हीच तक्रार केली आहे.

शैलीचा फरक पडतो का?

पडतो, पूर्वी जास्त पडायचा. युरोपची जुनी शाळा म्हणजे ताठ उभं राहणं, हनुवटीजवळ हात, डाव्या हाताने सरळ ठोसे, अंतर राखणं. अमेरिकेत पुढे येऊन जोरकस ठोसे मारणाऱ्याला प्रेक्षक डोक्यावर घेतात, आणि गोंगाटाचा थोडाफार परिणाम पंचांवरही होतो. शुल्झ आणि श्टुर्म दोघेही मागे सरकत, सरळ ठोसे मारत खेळले होते.

आणि रेफरी?

याकडे लोक फारसं लक्ष देत नाहीत, पण काही बॉक्सरांसाठी रेफरी पंचांपेक्षा महत्त्वाचा ठरतो. रिकी हॅटनचं उदाहरण घ्या. मँचेस्टरचा हा माणूस समोरच्याच्या छातीला चिकटून खेळायचा. एक हात अडकलेला असला तरी मोकळ्या हाताने बरगड्यांवर, पोटावर गुद्दे मारत राहायचा. ब्रिटनमधले रेफरी हे चालू देतात. दोघांपैकी एकाचा हात मोकळा असेल तर लढत थांबवत नाहीत. डिसेंबर २००७ मध्ये फ्लॉइड मेवेदरविरुद्ध रेफरी जो कोर्टेझने त्यांना पुन्हा पुन्हा वेगळं केलं. प्रत्येक वेळी वेगळं झालं की हॅटनला मेवेदरच्या ठोशांतून वाट काढत पुन्हा आत शिरावं लागे. सहाव्या फेरीत डोक्याच्या मागे मारल्याबद्दल त्याचा एक गुणही कापला गेला. दहाव्या फेरीत मेवेदरने त्याला संपवलं. रेफरी दुसरा असता तरी मेवेदरच जिंकला असता असं मी मानतो, पण हॅटनचं मुख्य हत्यार त्या रात्री त्याच्या हातून काढून घेतलं गेलं, हेही तितकंच खरं.

हवामानाचा खरंच त्रास होतो, की ती सबब असते?

बॅरी मॅक्गिगनची लढत बघा आणि तुम्हीच ठरवा.

मॅक्गिगन आयर्लंडच्या क्लोन्स गावचा. उत्तर आयर्लंडमध्ये रोज रक्त सांडत होतं त्या दिवसांत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघेही त्याच्यासाठी एकत्र ओरडायचे. १९८५ साली तो लंडनला फेदरवेटचा विश्वविजेता झाला. २३ जून १९८६ रोजी तो लास वेगासला सीझर्स पॅलेसच्या मोकळ्या मैदानात किताब राखायला उतरला. समोर टेक्सासचा स्टीव्ह क्रूझ, आयत्या वेळी बदली म्हणून आलेला, पोटासाठी प्लंबरच्या हाताखाली काम करणारा. वाळवंटातला जून महिना, तापमान चाळीस अंशांच्या वर, आणि रिंगवरच्या दिव्यांची आग वेगळी. ज्या गावात उन्हाळ्यातही स्वेटर लागतो तिथला हा माणूस.

सुरुवातीला मॅक्गिगन पुढे होता. मग पाय जड झाले. दहाव्या फेरीत तो खाली गेला. बाराव्यात कमरेखाली मारल्याबद्दल गुण गेला. तरी शेवटच्या फेरीच्या आधी लढत जवळजवळ समसमान होती. ही लढत पंधरा फेऱ्यांची होती. पंधराव्या फेरीत त्याच्या डोळ्यांत ओळख उरलेली नव्हती. तो दोनदा पडला, दोनदा उठला, आणि घंटा होईपर्यंत उभा राहिला. गुणांवर किताब गेला. शेवटच्या फेरीत तो पडला नसता तर किताब वाचला असता असं जवळपास सगळे जाणकार मानतात. अंगातलं पाणी संपल्यामुळे त्याला तिथून थेट दवाखान्यात न्यावं लागलं.

त्याच्या प्रशिक्षणाबद्दल, तो तिथे कधी पोहोचला, कसा सराव केला यावरून पुढे बरेच वाद झाले. त्यात शिरत नाही. पण उकाडा ही सबब होती असं म्हणणाऱ्याने ती पंधरावी फेरी पाहिलेली नसते.

आज मोठ्या लढती वातानुकूलित सभागृहांत होतात, त्यामुळे हा त्रास बराच कमी झाला आहे. वेळेतल्या फरकाचा त्रास मात्र कायम आहे. लास वेगासला रात्री आठ वाजता रिंगमध्ये उतरायचं म्हणजे लंडनच्या घड्याळात पहाटेचे चार. शरीर त्या वेळेला जुळवायला काही आठवडे आधी जाऊन राहावं लागतं. आता बहुतेक जण तसं करतात.

सर्वांत अनपेक्षित विजय कोणता?

माझ्या मते लॉइड हनीगन, २७ सप्टेंबर १९८६, अटलांटिक सिटी. मॅक्गिगन हरल्यावर तीनच महिन्यांनी. जमैकात जन्मलेला, लंडनच्या बर्मंडसीत वाढलेला हनीगन समोर उभा होता डोनाल्ड करीच्या, जो एकही लढत हरलेला नव्हता आणि कुठल्याही वजनगटात जगात सर्वोत्तम म्हणून ज्याचं नाव घेतलं जात होतं. करीला वजन उतरवणं जड गेलं होतं. हनीगनने पहिल्या घंटेपासून त्याला श्वास घेऊ दिला नाही. सहा फेऱ्यांनंतर करी खुर्चीवरून उठलाच नाही.

या लढतीचं महत्त्व असं, की हनीगनने पंचांसाठी काही शिल्लकच ठेवलं नाही.

म्हणजे अमेरिकेत नॉकआऊटच करावा लागतो?

करावाच लागतो असं नाही, पण कार्डांवर विसंबून राहू नये. २००९ साली नॉटिंगहॅमचा कार्ल फ्रॉच कनेक्टिकटमध्ये जर्मेन टेलरशी खेळत होता. तिसऱ्या फेरीत तो आयुष्यात पहिल्यांदा खाली पडला. अकरा फेऱ्या संपल्या तेव्हा दोन पंचांच्या कार्डावर टेलर १०६-१०२ ने पुढे होता, म्हणजे बारावी फेरी नुसती जिंकूनही फ्रॉच हरलाच असता. त्या फेरीत फ्रॉचने टेलरला दोरांपाशी गाठलं, खाली पाडलं, तो उठल्यावर पुन्हा कोपऱ्यात कोंडून ठोसे मारत राहिला, आणि फेरीची १४ सेकंद उरलेली असताना रेफरीने लढत थांबवली. हा शेवट ज्याने पाहिला नाही त्याने आज रात्रीच पाहावा.

एकदा जिंकलेले दुसऱ्यांदा का हरतात?

श्मेलिंगने १९३६ साली जो लुईसला बाराव्या फेरीत नॉकआऊट केलं. १९३८ साली लुईसने त्याला १२४ सेकंदांत संपवलं. योहान्सन १९५९ साली जिंकला, १९६० आणि १९६१ साली पॅटरसनकडून नॉकआऊट झाला. रँडॉल्फ टर्पिनने लंडनला शुगर रे रॉबिन्सनला हरवलं आणि ६४ दिवसांनी न्यूयॉर्कला किताब परत गमावला.

पहिल्या वेळी अमेरिकी बॉक्सर बेसावध असतो. समोरच्याचं चित्रण फारसं पाहिलेलं नसतं, नाव नीट माहीत नसतं, तयारी अर्धी असते. दुसऱ्या वेळी तो सूड म्हणून उतरतो. आणि पहिल्या विजयानंतर युरोपच्या बॉक्सरभोवती सत्कार, जाहिराती, मेजवान्या सुरू होतात. सेर्दाँला तर फेरलढतीची संधीच मिळाली नाही. १९४९ साली डेट्रॉइटला खांदा दुखावल्यामुळे तो जेक लामोटाकडून हरला, आणि फेरलढतीसाठी न्यूयॉर्कला निघालेला असताना त्याचं विमान अझोर्स बेटांवर कोसळलं.

लेनॉक्स लुईस हा मोठा अपवाद. बरोबरीनंतर आठ महिन्यांनी लास वेगासला तो होलीफील्डला तिन्ही कार्डांवर हरवून गेला. पण त्याचा प्रशिक्षक डेट्रॉइटच्या क्रॉन्क जिमचा इमॅन्युएल स्टुअर्ड होता आणि अमेरिकी रिंग त्याला परकी नव्हती.

अँथनी जोशुआचं २०१९ साली काय झालं?

न्यूयॉर्कला पहिलीच लढत. ठरलेला प्रतिस्पर्धी जॅरेल मिलर उत्तेजक चाचणीत अडकला, बदली म्हणून अँडी रुईझ आला. तिसऱ्या फेरीत जोशुआने रुईझला पाडलं आणि घाईने संपवायला पुढे गेला. त्याच फेरीत स्वतः दोनदा पडला, सातव्यात आणखी दोनदा, आणि लढत संपली. हा पराभव अमेरिकेमुळे झाला असं मला वाटत नाही. लंडनला तीच चूक केली असती तरी रुईझचा डावा हुक (हात वळवून बाजूने मारलेला ठोसा) तितकाच लागला असता.

रिंगच्या आकारावरून भांडणं का होतात?

लहान रिंगमध्ये पळायला जागा कमी, म्हणून ठोसेबाजाला लहान रिंग हवी आणि पायांवर खेळणाऱ्याला मोठी. २०२१ साली टेक्सासला कनेलो अल्वारेझविरुद्धच्या लढतीआधी बिली जो सॉन्डर्स रिंगच्या आकारावरून परत जायला निघाला होता. शेवटी २२ फुटांवर तडजोड झाली. त्याच्या गालाचं हाड मोडलं आणि आठव्या फेरीनंतर तो पुढे आला नाही, त्यामुळे त्या फुटांचा फारसा उपयोग झाला नाही.

इतकं सगळं सोसून जायचं कशाला?

पैसा आणि नाव. कॅसिनो लढत आपल्याकडे व्हावी म्हणून मोठी रक्कम मोजत आले आहेत, आणि पैसे भरून बघायच्या प्रक्षेपणाची बाजारपेठ अनेक वर्षं अमेरिकेतच सर्वांत मोठी होती. कर मात्र लक्षात ठेवावा लागतो. तिथे न राहणाऱ्या खेळाडूच्या कमाईतून साधारणपणे ३० टक्के आधीच कापून घेतले जातात, कमी कपातीसाठी वेगळी मंजुरी काढावी लागते. नेव्हाडात राज्याचा आयकर नाही, न्यूयॉर्कमध्ये आहे. लास वेगासवर बॉक्सरांचं इतकं प्रेम असण्यामागे हेही एक कारण आहे.

मग जर्मनीचे काही विजेते कधीच का गेले नाहीत?

गरजच पडली नाही. १९९० नंतर जर्मन टीव्हीवर बॉक्सिंगला प्रचंड प्रेक्षक होता, सभागृहं भरत होती, आणि घरी बसून चांगले पैसे मिळत होते. ओत्के ३४ लढती खेळून अजिंक्य निवृत्त झाला, अमेरिकेत एकदाही न खेळता. हॅम्बुर्गहून खेळणारा दारिउश मिखालचेव्स्की आणि अमेरिकेचा रॉय जोन्स एकाच वजनगटात वर्षानुवर्षं राहिले आणि समोरासमोर आले नाहीत. ही लढत न होणं हे मला त्या काळातलं सर्वांत मोठं नुकसान वाटतं, आणि त्याचा दोष दोन्ही बाजूंना जातो.

पूर्व युरोपचे बॉक्सर अमेरिकेत जास्त सहज का रुळले?

दोन कारणं. पहिलं, हौशी बॉक्सिंगची पक्की शिदोरी. युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोने हौशी गटात ३९६ लढती जिंकल्या आणि एकच हरली, दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं घेतली, आणि व्यावसायिक झाल्यावर अमेरिकेतच तिसऱ्या लढतीत विश्वविजेता झाला. त्याच्याआधीच्या लढतीत टेक्सासला ओर्लांडो सालिदोने त्याला कमरेखालचे ठोसे आणि मिठ्या मारून हरवलं होतं, म्हणजे धडा मिळाला, पण लवकर मिळाला. दुसरं कारण, ते पाहुणे म्हणून गेलेच नाहीत. घर केलं, तिथल्या जिममध्ये रोज अमेरिकी आणि मेक्सिकन मुलांशी सराव केला, तिथल्या रेफरींची सवय लावून घेतली.

प्रेक्षक विरोधात असतात का?

नेहमीच नाही. स्थलांतरितांची शहरं हे युरोपच्या बॉक्सरांचं मोठं बळ आहे. पोलंडच्या आंद्रे गोलोताच्या मागे शिकागोचे पोलिश लोक होते, टोमाश आदामेकने नेवार्कचं सभागृह भरवलं, आणि आयरिश बॉक्सर न्यूयॉर्कला आला की वाटतं डब्लिनमध्येच आहोत. हॅटनच्या लढतीसाठी तर हजारो ब्रिटिश चाहते लास वेगासला आले, त्यांतल्या कितीतरी जणांकडे तिकीटही नव्हतं, आणि शहरभर गाणी म्हणत फिरले.

महिलांच्या बॉक्सिंगमध्येही असंच आहे का?

इथे चित्र उजळ आहे, आणि त्याचं श्रेय बरंचसं आयर्लंडच्या केटी टेलरला जातं. एप्रिल २०२२ मध्ये तिची आणि अमांडा सेरानोची लढत मॅडिसन स्क्वेअर गार्डनची मुख्य लढत होती. तिथे महिलांना हा मान पहिल्यांदाच मिळाला आणि सगळी तिकिटं संपली. पाचव्या फेरीत टेलर जवळजवळ संपली होती. नाकातून रक्त, पाय लटपटत. तरी ती उरलेल्या फेऱ्यांत परत आली आणि गुणांवर जिंकली. नोव्हेंबर २०२४ मध्ये टेक्सासला ९५-९४ अशा एका गुणाच्या फरकाने, आणि जुलै २०२५ मध्ये पुन्हा न्यूयॉर्कला, तिन्ही वेळा टेलरच. टेक्सासच्या निकालावर मोठा वाद झाला, पण या वेळी तक्रार करणारे युरोपचे नव्हते.

आता अमेरिकेला जायची गरज उरली आहे का?

पूर्वीइतकी नाही. अमेरिकी टीव्ही वाहिन्यांपैकी एचबीओने २०१८ अखेर बॉक्सिंग बंद केलं, शोटाइमने २०२३ अखेर. हेवीवेटचं केंद्र सौदी अरेबियाकडे सरकलं. ओलेक्झांडर उसिक २०२४ साली रियाधमध्ये फ्युरीला हरवून निर्विवाद विजेता झाला आणि २०२५ साली लंडनला वेम्ब्लीत डॅनियल डुबॉइसला हरवून पुन्हा. हे दोन्ही त्याने अमेरिकेबाहेर केलं. हलक्या वजनगटांत मात्र बरीच मोठी नावं अजून अमेरिका आणि मेक्सिकोत आहेत, त्यामुळे तिथे बऱ्याचदा जावंच लागतं.

भारतातून बघायच्या तर किती वाजता?

उन्हाळ्यात लास वेगासचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेतेरा. म्हणून शनिवारी रात्रीची मुख्य लढत आपल्याकडे रविवारी सकाळी साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान येते. पोहे आधी करून ठेवा, कारण पहिल्या फेरीत काय होईल सांगता येत नाही. न्यूयॉर्कची लढतही साधारण त्याच वेळेला लागते.

नव्याने बघायला लागलो आहे. कुठून सुरुवात करू?

फ्रॉच-टेलर आधी बघा, शेवट माहीत असला तरी. मग श्टुर्म-डे ला होया बघा, आवाज बंद करून, आणि प्रत्येक फेरीचे गुण स्वतः कागदावर लिहा. बारा फेऱ्या संपल्यावर बेरीज करा आणि ती ११५-११३ शी ताडून पाहा. त्यानंतर लुईस-होलीफील्डची पहिली लढत घ्या आणि पाचव्या फेरीपाशी थांबून ती दोनदा बघा.